कडी म्हणजे कडी

मी ती कविता एकतीस वर्षं शिकवली आणि एकतीस वर्षांत त्या कवितेवरच्या प्रश्नात माझा एकही विद्यार्थी नापास झाला नाही. ही बढाई नव्हे. बढाईच मारायची तर माझ्याकडे याहून बऱ्या गोष्टी आहेत. माझी टिपणांची वही दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका मागून न्यायच्या आणि चहाचे डाग पाडून परत करायच्या. त्या वहीत कवितेचा सगळा अर्थ दोन पानांत बसवलेला होता. कडी म्हणजे पारतंत्र्य, दार म्हणजे संकुचित वृत्ती, उंबरा म्हणजे रूढी, पाय म्हणजे प्रगती. सगळ्यात खाली एक तळटीप होती, कवीने ही रचना तुरुंगात असताना केली. ही तळटीप एका गुणाची होती, रिकाम्या जागा भरा.

कविता दोनच कडव्यांची होती.

माझ्या देशाला ना कडी,
माझ्या देशाला ना दार;
ज्याला जावे वाटे त्याने
जावे उंबऱ्याच्या पार.

कुणी कुणा ना विचारी,
‘जाऊ का मी? येऊ का मी?’
पाय आपुले आणिक
आपुलीच सारी भूमी.

निवृत्त झाल्यावर ती माझ्या डोक्यातून गेली, असं मला वाटत होतं. मग एका रविवारी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. ती शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते. रजेचे अर्ज, ताकीद, कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, असली कामं तिच्याकडे असतात.

“आई, तीन आठवडे रिकाम्या आहात ना?”

“मी कायमचीच रिकामी आहे. तीन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस?”

तिचं म्हणणं असं होतं की स्वातंत्र्यदिनाला कारखान्यात पाहुणे येणार आहेत. बाहेरच्या देशातले, माल विकत घेणारे. मॅनेजरांच्या मनात आलंय की शिवणविभागातल्या चाळीस बायकांनी मशिनीपाशी उभं राहून एखादी देशाची कविता म्हणावी. पाहुण्यांना भाषा कळणार नाही, पण भाव कळेल. बायकांना कविता शिकवायला कुणीतरी हवं. मी आढेवेढे घेतले, म्हणजे माणूस घेतो तेवढेच घेतले. खरं सांगायचं तर मला पुन्हा एकदा चाळीस जणींनी ‘बाई’ म्हणून हाक मारायला हवी होती.

शिवणविभाग म्हणजे एक लांबलचक हॉल होता. दहा-दहा मशिनींच्या चार ओळी, डोक्यावर ट्यूबलाईट, आणि सगळ्या वस्तूंवर बसलेला कापडाचा बारीक भुसा. कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. खिडक्या होत्या, पण उंचावर आणि जाळीच्या. दार एकच आणि त्याला कडी बाहेरून. माल चोरीला जातो, हे त्याचं कारण मला पहिल्याच दिवशी कुणी न विचारता सांगितलं. दाराबाहेर स्टुलावर एक मावशी बसायची. कडी काढणं आणि घालणं एवढंच तिचं काम, आणि ते ती डोळ्यांत तेल घालून करायची.

बाहेर जायचं म्हणजे एकाच कामासाठी, आणि त्यासाठी पास लागायचा. पास म्हणजे दोऱ्याचं एक जुनं, मुठीएवढं लाकडी रीळ. त्याला लाल रंग दिलेला आणि गळ्यात घालायला नाडी बांधलेली. चाळीस जणींत असं एकच रीळ. ते गळ्यात असेल तरच मावशी कडी काढणार. गेलेली बाई पाच मिनिटांत परत आली पाहिजे, नाहीतर तिच्या नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की घरी. बायका त्या रिळाला पासपोर्ट म्हणायच्या. “पासपोर्ट कुणाकडे आहे गं?” हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणतीच नाही. मला तेव्हा ते फार विनोदी वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीतला शेवटचा अर्धा तास माझा असायचा. बायका डबे आवरायच्या आणि आपापल्या मशिनीपाशी बसायच्या. पाठांतराला मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बऱ्या निघाल्या. पहिल्या कडव्यापाशी एकीने हळूच शेरा मारला, “दार नाही, कडी नाही, म्हणजे चोरांची चंगळच की.” मी हसले. शाळेत असते तर हसले नसते. पण दुसऱ्या कडव्यातलं ‘जाऊ का मी? येऊ का मी?’ आलं आणि सगळा हॉल खिदळायला लागला. एक जण मान वाकडी करून मावशीची नक्कल करत होती, “पासपोर्ट दाखव आधी!” त्या ओळीवर त्या रोज हसायच्या. शेवटी मी डस्टर नसताना टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

टाचणी माझ्या लक्षात आली ती तेव्हा. ती कॉलर शिवायची. पहिल्या ओळीत, इस्त्रीच्या टेबलाला अगदी लागून तिची मशीन होती. ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून ते नाव. बोलते टोचून म्हणूनही असेल, असं शेजारची म्हणाली. टाचणी कुणाकडे बघून हसत नव्हती. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन शाळकरी मुली. नवरा होता, पण असण्यापुरता. घरात जे काही यायचं ते तिच्या या एका नोकरीतून. तिच्या नावापुढे दोन लाल खुणा झाल्या होत्या, दोन्ही पोट बिघडलं होतं त्या आठवड्यातल्या. तिसरी होऊ नये म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. मशिनीपाशी तिची पाण्याची बाटली असायची, भरलेली, आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली घरी जायची.

मी अर्थ सांगत होते. कडी म्हणजे पारतंत्र्य. टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं,

“बाई, ही कविता करणारा तेव्हा कुठे होता?”

“तुरुंगात होता. का?”

“मग कडी म्हणजे कडीच असेल की.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याच्या खोलीला बाहेरून कडी असणार. आणि रोज सकाळी कुणालातरी विचारावं लागत असणार, जाऊ का म्हणून. तेच लिहिलंय त्यानं. त्यात अवघड काय आहे?”

मला राग आला. एकतीस वर्षांची वही, आणि ही बाई कॉलर शिवता शिवता तिची एका वाक्यात रद्दी करायला निघाली होती. मी म्हटलं, “कविता इतकी सरळ नसते. परीक्षेत असं लिहिलं असतंस तर शून्य दिलं असतं मी.”

“मला कुठे परीक्षा द्यायचीय?” ती म्हणाली आणि तिने टाचण्या परत ओठांत धरल्या.

दुसऱ्या आठवड्यात अजून एक गोष्ट घडली. तेव्हा त्या गोष्टीकडे मी लक्ष दिलं नाही. तालीम चालू असताना मागच्या ओळीतली एक जण चुळबुळ करत उभी राहिली. रीळ दुसऱ्या एकीच्या गळ्यात होतं, तरी तिने सवयीने मलाच विचारलं, “बाई, जाऊ का?” आणि मीही सवयीने म्हणाले, “कडवं संपू दे.” ती खाली बसली. सगळ्या हसल्या, मीही हसले.

शाळेतही मी हेच म्हणायचे. मुलं करंगळी वर करायची, मी तिकडे न बघता म्हणायचे, कडवं संपू दे. मध्येच कुणी उठलं तर सगळ्यांचं लक्ष उडतं. एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने करंगळी वर केली होती ती बराच वेळ तशीच धरून ठेवली होती. मग तिने ती खाली घेतली. बाकाखाली ओलं झालं, तिची शेजारीण सरकून बसली. मी फरशी पुसायला सांगितलं आणि उरलेल्या दोन ओळी पूर्ण केल्या. त्या दिवशी मी हीच कविता शिकवत होते. ही आठवण मी मुद्दाम दडपली होती असं नाही. मला ती कधी महत्त्वाचीच वाटली नव्हती.

स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी कारखाना ओळखू येत नव्हता. भुसा झाडलेला, मशिनी पुसलेल्या, दारावर रंगीत कागदाच्या पताका. दार सताड उघडं होतं. पाहुण्यांसमोर बाहेरून घातलेली कडी बरी दिसणार नाही, म्हणून ती कडी नुसती काढली नव्हती, स्क्रू काढून मुळापासून काढली होती. मावशीला नवा गणवेश देऊन फाटकापाशी फुलं घेऊन उभं केलं होतं. आणि ते लाल रीळ सूनबाईने सकाळीच आपल्या टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

“ते दिसायला नको, आई,” ती मला म्हणाली. “उगाच प्रश्न विचारतात.”

“मग बायका जाणार कशा?”

“पाहुणे जाईपर्यंत कुणीच जायचं नाही. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

पाहुणे अकराला येणार होते. बायका आठपासून जागेवर होत्या. बारा वाजले, साडेबारा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. सुपरवायझर, मॅनेजर, सूनबाई, सगळे फाटकापाशी. आकडा चाळीसचा पूर्ण दिसावा म्हणून इस्त्रीवालीलाही नुकतंच हातातली इस्त्री सोडायला लावून आजारी पडलेल्या एकीच्या जागी मशिनीपाशी बसवलं होतं. हॉलमध्ये अधिकारी म्हणावं असं माणूस मी एकटीच. बायका एकीकडून दुसरीकडे वजन टाकत, गुडघे जुळवून बसल्या होत्या. मी म्हटलं, वेळ आहे तर एकदा म्हणून घेऊ.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्याची पहिली ओळ झाली आणि मला जळका वास आला. वास त्यांना माझ्याआधीच आला असणार, कारण सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. इस्त्रीच्या टेबलावर कॉलरच्या गठ्ठ्यावर इस्त्री तशीच राहिली होती. आधी पांढरा धूर होता, मग पिवळा झाला, मग टेबलाच्या कडेने ज्योत वर चढली.

कुणीही उठलं नाही.

यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून पुन्हा सांगते. दार समोर उघडं होतं. त्याला कडीच नव्हती. दारापासून पहिली मशीन दहा पावलांवर होती. आणि चाळीस धडधाकट बायका धुराकडे बघत बसून होत्या. मागून कुणीतरी विचारलं,

“पासपोर्ट कुणाकडे आहे?”

“ऑफिसात.”

“मग?”

मग त्या चाळीसही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मागच्या ओळीतल्या त्याच बाईने विचारलं, “बाई, जाऊ का?”

आणि मी म्हणाले, “थांबा. कडवं पूर्ण करा.”

हे मीच म्हणाले. मला धूर दिसत होता, वास येत होता. मी काही वेडी नाही. पण प्रश्न कानावर पडला आणि उत्तर तोंडातून बाहेर आलं, मध्ये डोक्यात गेलंच नाही. आणि याहून वाईट म्हणजे काही जणींनी खरोखरच पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या, एकेक करून मशिनीवरच्या उशीत खोचल्या. मशिनीचा खटका बंद केला. उठली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. चालत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला आणि मग मागे वळून ओरडली,

“उठा गं! बसलात काय!”

तेव्हा सगळ्या उठल्या. खुर्च्या पडल्या, कुणाची चप्पल राहिली. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. कुणीतरी दंडाला धरून ओढलं एवढं आठवतं. अंगणात पोचल्यावर निम्म्या बायका आगीकडे बघत थांबल्या आणि निम्म्या धावत संडासाकडे गेल्या. एकीकडे आत धूर, आणि दुसरीकडे अंगणात वीस बायकांची रांग. रांगेतल्या कुणाच्याच गळ्यात काही नव्हतं.

कारखान्यातल्या माणसांनी बादल्यांनी पाणी मारून आग विझवली. टेबल गेलं, कॉलरचे गठ्ठे गेले. छताचे थर्माकोलचे तुकडे वितळून पहिल्या ओळीतल्या तीन मशिनींवर गळले होते. त्या तिन्ही खुर्च्यांची बैठक जळून आत गेली होती. त्यातली एक टाचणीची होती.

पाहुणे नेमके त्याच वेळी आले. अंगणात चाळीस बायका, हॉलमधून धूर, पताका काळ्या झालेल्या. मॅनेजर काही साधा माणूस नव्हता. त्यांनी हसून सांगितलं की ही आमची आगीची रंगीत तालीम, आम्ही दर वर्षी स्वातंत्र्यदिनाला घेतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. कविता राहूनच गेली.

दुपारी मॅनेजरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मी, टाचणी आणि नोंदवही उघडून बसलेली सूनबाई. मॅनेजर रागावलेले नव्हते. ते मलाच समजावून सांगत होते, जणू मी त्यांच्या बाजूची.

“बाई, आग लागली, बायका बाहेर आल्या, चांगलंच झालं. पण पासशिवाय जागा सोडायची नाही हा नियम आहे. आज हिला तसंच सोडलं तर उद्या कुणीही उठेल, कधीही उठेल. आत जबाबदार माणूस तुम्ही होतात. तुम्ही परवानगी दिली होती का, एवढंच सांगा. दिली असेल तर विषय संपला.”

सूनबाईने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत ‘हो म्हणा’ एवढंच होतं. ती वाईट मुलगी नाही. टाचणीच्या घरची परिस्थिती तिनेच मला सांगितली होती.

“हो,” मी म्हणाले. “मी परवानगी दिली.”

मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकते. एका वाक्यात मी तिची नोकरीही वाचवली होती आणि माझं ते ‘थांबा’ही पुसून टाकलं होतं.

“नाही दिली,” टाचणी म्हणाली.

“काय?”

“बाईंनी नाही दिली परवानगी. त्या थांबा म्हणाल्या. पण मी त्यांना विचारलंच नव्हतं.”

“म्हणजे तू आपल्या मनाने उठलीस?”

“हो.”

“तुझ्या नावापुढे दोन खुणा आहेत, माहीत आहे ना? नीट विचार करून सांग.”

“विचार कसला करायचा, साहेब? पाय माझेच होते.”

मॅनेजरांना ती कवितेची ओळ आहे हे कळलं नाही. सूनबाईला कळलं. ती लहानपणी माझ्याच वहीवरून शिकली होती. तिने पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग लाल खूण केली.

जिन्यात मी टाचणीला गाठलं. मला धाप लागली होती आणि राग आला होता, दोन्ही एकदम.

“अगं वेडे, मी सांभाळून घेत होते ना तुला! गप्प बसायला काय झालं होतं?”

ती थांबली. रुमालात गुंडाळलेली कात्री आणि पाण्याची बाटली, एवढंच तिच्या हातात होतं. बाटली रिकामी होती.

“तुम्ही परवानगी दिलीत असं ठरलं असतं,” ती म्हणाली, “तर पुढच्या वेळी आग लागली की या सगळ्या पुन्हा तुमच्याकडे बघत बसल्या असत्या. आणि तुम्ही तर उद्यापासून येणार नाही.”

ती पायऱ्या उतरून गेली. फाटकापाशी मावशीने तिला एक फूल दिलं. पाहुण्यांसाठीची फुलं उरली होती.

चार दिवसांनी सूनबाईनेच सांगितलं की दाराला कडी परत बसवलीये, पण बाहेरून नाही, आतून. आगीच्या विम्यावाल्याने सांगितलं म्हणून. रीळ दाराशेजारच्या खिळ्याला लटकतंय. काही जणी अजून गळ्यात घालून जातात, काही जणी तशाच जातात. तशा जाणाऱ्यांना खूण करायची का, हे तिने मॅनेजरांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. टाचणीला परत घ्यायचं मात्र कुणी काढलं नाही. नियम तो नियम.

तिच्या घरी जायला मला महिना लागला. कारणं पुष्कळ होती, पण खरं कारण भीती. एक खोली, तळमजल्यावर, गल्लीत उघडणारी. दारातच उजेडाला तिने मशीन मांडली होती आणि कुणाच्या तरी पँटचे पाय आखूड करत होती. आत पलंगावर सासू झोपलेली. भिंतीला टेकून दहा-अकरा वर्षांची मुलगी अभ्यास करत बसलेली. मी दारात उभी राहिले आणि ‘येऊ का?’ म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने कोपराने खुर्ची दाखवली. खुर्ची ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी ती दारातच ठेवून बसले.

“काय काम काढलंत, बाई?” तिने टाचण्या काढत विचारलं.

“तुझं उत्तर तपासायचं राहिलं होतं,” मी म्हणाले. हे वाक्य मी घरून ठरवून आले होते. “कडी म्हणजे कडीच. तुझं बरोबर होतं. माझं एकतीस वर्षं चुकलं.”

तिने मान हलवली. खूश झाली, असं म्हणता येणार नाही. कामावर असताना तिला जे मिळत होतं त्याच्या निम्मंही या आखूड-लांब करण्यातून मिळत नव्हतं. तसं तिने सांगितलं, तक्रार न करता. मग तिने मुलीकडे बोट दाखवलं.

“ही बघा काय पाठ करतेय.”

मुलीच्या वहीत तीच कविता होती. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, कडी म्हणजे पारतंत्र्य, दार म्हणजे संकुचित वृत्ती, उंबरा म्हणजे रूढी. शब्द माझेच होते, स्वल्पविरामासकट. माझी वही कुठून कुठे फिरत तिच्या शिक्षिकेपर्यंत पोचली होती. मी मुलीकडे पेन मागितलं.

“खोडू नका,” टाचणी म्हणाली.

“अगं, चूक आहे ते.”

“असू दे. बरोबर लिहिलं की शून्य मिळतं. तुम्हीच म्हणालात.”

मी पेन परत दिलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. आईने मला ‘बाई’ म्हटलेलं तिने ऐकलं होतं. ती उठली, वही मिटली, पाय जुळवून उभी राहिली. संडास बाहेर, गल्लीच्या टोकाला होता, आणि दारात खुर्ची टाकून मी बसले होते. तिने करंगळी वर केली.

“बाई, जाऊ का?”

स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर ती मला विचारत होती. टाचणीने मशीन थांबवली. ओठांत टाचण्या धरल्या आणि मी काय म्हणते ते बघत राहिली.

‘थांब’ तर मी म्हणणार नव्हतेच. पण ‘जा’ही मला म्हणता येईना. मी उठले, खुर्ची उचलली आणि दारातून बाजूला झाले.